अकरा ते सातची भागीरथाबाई

जठारपेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी भागीरथाबाईची पिठाची चक्की आहे. तिथं मी वर्षानुवर्षं दळण नेते आहे आणि तिच्या हातांकडे अजून पाहत राहते. धान्य ओतायची पेटी तिच्या डोक्याइतकी उंच. तिथवर पोचायला दोन पायऱ्यांचा लाकडी ठोकळा. वीस किलोचा डबा उचलायचा, ठोकळ्यावर चढायचं, डबा खांद्याला टेकवून एका दमात पेटीत रिकामा करायचा. दिवसातून तीस-चाळीस वेळा, आणि हाताखाली कोणी नाही.

तिचे यजमान जानरावभाऊ बाळापूरकडे गावी सहा एकर काळी जमीन कसतात. ज्या वर्षांत कपाशी गेली, मग सोयाबीनवर अळी पडली, त्या वर्षांत घर चक्कीनंच ओढलं. मुलगी आचल अमरावतीला नर्सिंग शिकत होती, तेही चक्कीच्याच जोरावर.

२००८च्या उन्हाळ्यात बाईचे गुडघे सुजले. डॉक्टरांनी वजन केलं, अठ्ठ्याहत्तर किलो. उंची पाच फूटसुद्धा नाही. ते म्हणाले, "दहा किलो उतरवा, नाहीतर चढणं-उतरणं बंद करा." ठोकळ्यावर चढणं बंद म्हणजे चक्कीच बंद.

जानरावभाऊ हे ऐकून दुसऱ्याच दिवशी आले. बायकोनं शहरात एकटं राहावं हे त्यांना कधी पटलंच नव्हतं.

"इकून टाक थे चक्की अन् चाल घरी. किती दिवस मरशीन?"

"आचलचं दोन वर्सं बाकी हाय. दिवाळीपरेंत थांबा."

"अन् दिवाळीले तुह्यानं डबा नाई उचलला त?"

"त मीच गिऱ्हाईक पाहीन चक्कीले," बाई म्हणाली. माझ्यासमोर म्हणाली, म्हणून मला माहीत आहे. तिनं एकदा शब्द दिला की तो फिरत नाही.

मग तिनं तेच केलं जे आम्ही सगळ्यांनी केलं असतं. उपास वाढवले. सोमवार आणि शेगावच्या महाराजांचा गुरुवार होताच, चतुर्थी-एकादशी होती, त्यात शनिवार धरला. उपासाला काय, तर साबुदाण्याची उसळ, वर शेंगदाण्याचा कूट, तळलेले बटाटे, राजगिऱ्याचे लाडू. महिन्यानं चक्कीच्याच काट्यावर उभी राहिली तर साडेएकोणऐंशी.

नसीमबानो तेव्हा तिथंच बसली होती. तिच्या घरी शिवणकाम चालतं आणि दर आठवड्याला गव्हाचा डबा असतो. ती म्हणाली, "भागीरथाबाई, उपास करून राहिली का दावत?"

"हास तू. तुमच्या रमजानमदी पाहतो मी, किती भजे खातं."

"म्हणून तर मेरा बी वजन उतरत नाही ना, बाई."

बाई हसली, पण तिला लागलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तिनं दिवसातून एकदाच जेवायचं ठरवलं. संध्याकाळी दीड भाकर, मिरचीचा ठेचा, बस. दीड महिन्यात साडेपाच किलो उतरले. पोलकी ढिली झाली. गल्लीतल्या बायका विचारायला लागल्या, मीही म्हटलं, "बाई, जिंकलंस." माझ्या त्या बोलण्याची मला पुढं लाज वाटली.

जुलैच्या अखेरीस एका सकाळी ती नसीमबानोचा डबा घेऊन ठोकळ्यावर चढली. दुसऱ्या पायरीवर डबा खांद्यापर्यंत गेलाच नाही, आणि गहू सगळा खाली. आम्ही दोघी धावलो. बाई ठोकळ्यावर बसून आपल्या दंडांकडे पाहत होती.

"गुडघे हलके झाले व," ती म्हणाली. "पन हात गेले."

नसीमबानो खाली बसून गहू भरू लागली. "पहाटेची सेहरी न करता रोजा धरला तर असाच होतो. सांजेपर्यंत जान निघून जाते. पेटात काही तर पाह्यजे. अन् तू खाते काय, मिरची."

त्या रविवारी आचल अमरावतीहून आली. तिनं आईचा दंड दाबून पाहिला आणि स्पष्टच बोलली. "आई, तुही चरबी कमी अन् मांस जास्त जळून राहिलं. डाळ नाई, दही नाई, मंग शरीर हातापायातूनच घेते." मग तिनं वहीच्या पानावर उपासाच्या तीन रीती लिहून दिल्या आणि म्हणाली, तूच निवड, पण आधी डॉक्टरांना दाखव.

बाईनं ते पान डॉक्टरांना दाखवून आणलं, चक्कीवर चिकटवलं आणि आठवडाभर त्याच्याकडे पाहत दळत राहिली. निवडताना तिनं पुस्तक नाही पाहिलं, आपला दिवस पाहिला. एक दिवसाआड उपास? डबे तर रोज येतात, उपाशी दिवशी काय त्यांना परत पाठवायचं? एकदाच जेवण केलं होतंच, आणि एका बैठकीत शरीराला लागेल तेवढी डाळ माणूस खाऊच शकत नाही. तिसरी रीत आठ तासांत काय ते खायची. आमच्याकडे तेव्हा भारनियमन होतं. सकाळी अकराला लाईन जायची ती दोनला यायची. लाईन गेली की चक्की थांबणारच. तिनं ठरवलं, अकराला पहिलं जेवण, सातला शेवटचं. सकाळी बिनसाखरेचा चहा. जड डबे दुपारून आणा, असं तिनं पाटीवर लिहून टाकलं. आम्ही मुकाट्यानं दुपारी नेऊ लागलो.

गुरुवारचा पेच मात्र होता. महाराजांच्या उपासाला डाळ-भाकर कशी खायची? तिनं तसबिरीपुढं दिवा लावला, बराच वेळ बसली आणि मला म्हणाली, "महाराजांचा परसादच पिठलं-भाकर हाय. साबुदाना मीच लावून घेतला त्यायच्या मांगं." तेव्हापासून गुरुवारी अकरापर्यंत पाण्यावर राहायची, नैवेद्य दाखवायची आणि पिठलं-भाकरीनं उपास सोडायची. मला यात काही वावगं वाटलं नाही. तिची श्रद्धा कमी झाली नव्हती, ताट बदललं होतं.

ताटात काय काय आलं, तर तुरीचं घट्ट वरण, मोड आलेली मटकी, वाटीभर दही. चार वाजता मूठभर फुटाणे आणि ताक. आणि सोयाबीन. बारा वर्षं त्यांच्या वावरात सोयाबीन होतं, पण घरात एक दाणा कधी शिजला नव्हता. पिकलं की गाडीत भरायचं आणि बाजारात न्यायचं, हीच रीत. बाईनं गावाहून पायलीभर मागवलं, उकळलं, गच्चीवर वाळवलं आणि दहा किलो ज्वारीत एक किलो टाकून दळलं. भाकर जराशी पिवळट झाली. पहिल्या दिवशी तिनं नाक मुरडलं, आठवड्यानं विसरली.

मला सगळ्यात आवडलं ते तिचं माप. काट्यावर ती पंधरा दिवसांतून एकदाच उभी राहायची. पण रोज दुपारी लाईन आली की स्वतःचा वीस किलोचा डबा पाच वेळा ठोकळ्यावरून पेटीपर्यंत नेऊन परत आणायची. डबा जड लागला तर त्या दिवशी एक वाटी वरण जास्त. "काटा खोटा नाई बोलत, पन अर्धंच बोलते," असं म्हणायची.

रमजान आला तेव्हा नसीमबानो म्हणाली, मीही तुझ्यासारखं अकरा ते सात करते ईदनंतर. बाईनं तिला थांबवलं. "तुह्या साखरीच्या गोळ्या सुरू हायेत. माहं पाहून करू नको. डाक्टरले इचार पहिले." दोस्तीत असं तोंडावर सांगणारी माणसं कमी असतात.

दिवाळीच्या आदल्या दिवशी मी चकलीची भाजणी दळायला गेले होते. जानरावभाऊ गावाहून ज्वारीचा डबा घेऊन आले. त्यांनी तो स्वतः काट्यावर ठेवला, वीस किलो पाचशे. मग बाजूला झाले.

बाईनं पदर खोचला. डबा उचलला, पहिली पायरी, दुसरी पायरी, खांदा, आणि ज्वारी पेटीत सळसळत गेली. खाली उतरून तिनं हात पुसले आणि काट्यावर उभी राहिली. एकोणसत्तर.

"एक किलो बाकी हाय," भाऊ म्हणाले.

"राहू द्या. संक्रांतीले देईन."

भाऊंनी रिकामा डबा उचलून बाजूला ठेवला. "आपल्या गावच्या पुंजाजीच्या गाडीत अजून एक पोतं हाय जवारीचं. आणू काय?"

"आणा. पन लवकर आणा, सातच्या पहिले माह्यं जेवण झालं पाह्यजे."

जेवायला मलाही बसवलं. भाऊंनी भाकरीचा तुकडा मोडला, चावला आणि बाईच्या तोंडाकडे पाहत विचारलं, "हे भाकर काहून येगळी लागते?"

"तुमच्याच वावरातलं सोयाबीन हाय."

त्यांनी उरलेली भाकर वरणात कुस्करली आणि आणखी अर्धी मागितली. गावी परतताना न्यायला म्हणून त्याच पिठाची पिशवी भरून ठेवली. चक्की विकायचं नाव त्यांनी त्यानंतर कधी काढलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजनाला चक्कीला हळदकुंकू त्यांनीच वाहिलं.