कोरड्या विहिरीतला टाक

दुष्काळ होता, विहीर कोरडी होती, आणि आमच्या पत्रकात छापलं होतं: घरातले जुने देव विहिरीत बुडवा. पत्रक मीच लिहिलेलं. लिहिलं तेव्हा विहिरीला पाणी होतं. हिंगोलीच्या छापखान्यातून गठ्ठा हाती येईपर्यंत तळाला भेगा पडल्या होत्या. ती ओळ बदलावी असं आम्हा सात-आठ पोरांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. छापलं म्हणजे छापलं.

कुरुंद्याच्या अलीकडे आमचं गाव. आमच्या वस्तीनं धम्म घेतला तेव्हा मी लेकरू होतो. जुने देव सोडायच्या शपथा सगळ्यांनी घेतल्या, पण कुठं कणगीत, कुठं आढ्याला एखादा देव राहिलाच. याची मला चीड होती, आजही आहे. माणूस म्हणून जगायची वाट सापडल्यावर मागं वळून पाहायचं काहून? आम्ही घरोघर फिरून देव गोळा केले. बहुतेकांनी आपण होऊन दिले. काहींनी तर सुटलो म्हणून दिले.

वस्तीच्या टोकाला एक म्हातारी एकटी राहायची. सगळे तिला आत्या म्हणायचे. तिच्या ज्वारीच्या मडक्यात हात घालून मी टाक बाहेर काढला. टाक म्हणजे चांदीचा पातळ पत्रा, दोन बोटांएवढा, त्यावर देवीची आकृती ठोकलेली. तिनं हात पुढं केला. मी तो तिच्या डोक्यावर उंच धरला आणि म्हणालो, "आत्या, दुष्काळात तुमची देवी बी भाकरीवानी पातळ झाली की." पोरं खदखदून हसली. ते हसू ओसरायच्या आत मी धावत जाऊन टाक विहिरीत फेकला.

तो बुडला नाही. तळाच्या वाळल्या गाळावर उताणा पडला. बाकीचे देव पितळेचे, दोन दिवसांत धुळीनं मळून गेले. हा मात्र दुपारचं ऊन तळाला पोचलं की चमकायचा. वाटेनं जाणारं प्रत्येक माणूस वाकून बघायचं आणि पुढं जायचं. आत्या रोज काठावर येऊन बसू लागली.

त्याच आठवड्यात मी पत्रकं घेऊन जवळा बाजार गावी गेलो. तिथं लिंबाखाली पोतं अंथरून एक ख्रिस्ती म्हातारा येशूच्या पुस्तिका विकायला बसायचा. पूर्वी मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. लोक त्याच्याकडं बघत नव्हते, माझ्याकडंही नाही, त्यामुळं आमचं बोलणं व्हायचं. मी त्याला डिवचायचो, एक देव सोडून दुसरा काहून विकून राहिले बाबा? तो चिडायचा नाही. त्या दिवशी त्यानं एक पुस्तिका हातात कोंबली. कागद आमच्यापेक्षा बरा होता. खोडून काढायची म्हणून मी ती तिथंच वाचली.

सोळाशे वर्षांपूर्वीच्या, आफ्रिकेतल्या एका ख्रिस्ती विद्वानाची हकीकत. पोरवयात यानं सोबत्यांबरोबर एका झाडाची नासपती चोरली. भूक नव्हती. फळं डुकरांपुढं टाकली. पुढं भाषणकला शिकवून नाव कमावलं, पंथांमागून पंथ पालथे घातले, खरं काय ते कळलं, तरी जुनं आयुष्य सुटेना. उद्या सोडतो, उद्या सोडतो म्हणत वर्षं गेली. शेवटी श्रद्धा सापडली, पण मागचा हिशोब मांडायला बसला तेव्हा ती फळं त्याच्या डोळ्यांपुढून हलेनात.

चार फळांसाठी एवढं रडगाणं, असं मी म्हणालो.

"फळांसाठी कोण रडतं, पोरा," कंपाउंडर म्हणाला. "मजा काहून आली, त्याला रडतो तो."

त्याचा देव मी मानत नव्हतो, आताही मानत नाही. पण गावात परतल्यावर विहारात वंदनेला बसलो आणि पंचशीलातल्या दुसऱ्या शीलाला माझी जीभ अडली. न दिलेलं घेणार नाही. बाकीच्यांनी देव दिले होते. आत्यानं दिला नव्हता.

उतरून टाक काढायचा आणि तिला नेऊन द्यायचा, एवढंच काम होतं. पण देव परत वाटणारा प्रचारक म्हणून पोरं माझ्यावर थुंकली असती. उद्या बघू, म्हटलं. असे नऊ-दहा उद्या गेले. बुढी एक दिवस खाली उतरणार, असं वस्तीत लोक बोलू लागले. विहिरीच्या भिंतीतल्या पायऱ्यांचे दगड निखळले होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही.

एका दुपारी काठावर तिची काठी होती, आत्या नव्हती.

मी वाकून पाहिलं. अर्ध्यावर एका दगडाला चिकटून ती बसली होती, मुठीत फडकं. वर येता येईना, खाली जाता येईना. मी तिच्या बाजूनं खाली उतरलो. पायाखालचा एक दगड सुटला. तो आपटल्याचा आवाज बऱ्याच वेळानं आला. तळाशी टाक उचलला तर हात भाजला. तसाच वर चढून तिच्यापुढं धरला.

तिनं घेतला नाही.

"मला नको," ती म्हणाली. "झाकायला चालले व्हते. उघडा पडलाय उन्हात."

"पूजा करत व्हता ना तुमी?"

"शपथ मी बी घेतली, बाबा. पूजा न्हाई केली कदी. सासूनं मरताना हातात देला, म्हणून ठेवला." तिला धाप लागली होती. "तू मागितला असता तर देला असता. मागितला का तू?"

तेवढ्यात काठावर आमची पोरं जमली. खालून नुसती काळी डोकी दिसत होती. काय सापडलं, म्हणून त्यांनी विचारलं.

मी मूठ मिटली. "काही न्हाई. आत्या अडकली व्हती."

कोरड्या विहिरीत आवाज घुमतो. माझं खोटं मला पुन्हा ऐकू आलं. आत्यानं माझ्या मुठीकडं पाहिलं, हातातलं फडकं त्या मुठीभोवती नीट गुंडाळलं, आणि भिंत धरून एकेक दगड चाचपत वर निघाली.