ताईचा पगार

ताई दहावीला गणितात नापास झाली त्या वर्षी मी आठवीत होतो. ऑक्टोबरला पुन्हा बसायचं का, यावर घरात फारशी चर्चा झाली नाही. आमचं गाव शहापूरजवळच्या सापगावच्या पुढे. गावातल्या दोन मुली आसनगावच्या बाजूला एका कंपनीत पॅकिंगला जात होत्या. त्यांच्याबरोबर तीही जाऊ लागली. तिला सतरावं लागलं होतं. औषधाच्या रिकाम्या बाटल्या पुसायच्या आणि खोक्यात भरायच्या, हे काम. कामावर ठेवणारा कंपनीचा साहेब नव्हता, ठेकेदार होता, आणि पगार दर महिन्याच्या सात तारखेला गेटवर होत असे.

पहिला पगार तिने पाकीट न उघडता बाबांच्या हातात दिला. बाबांनी तो देवापुढे ठेवला, हळदकुंकू वाहिलं, आईने शिरा केला. त्यानंतर आठवडाभर ओटीवर जो कोणी येईल त्याला बाबा सांगत, "बायचा पगार झाला." पुढे मी पदवीधर झालो, आमच्या घराण्यातला पहिला. तेव्हाही बाबांना आनंद झालाच, पण असा आवाज मी पुन्हा ऐकला नाही.

तिसऱ्या महिन्यापासून पाकीट उघडलेलंच घरी येऊ लागलं. किती द्यायचे आणि किती ठेवायचे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि तिनेही विचारलं नाही. बराचसा पगार ती देई. उरलेल्याचं काय होतं ते तिच्या पिशवीतून दिसे: नखांना लावायचा लाल रंग, केसांच्या चापांचं पुठ्ठ्यावर लावलेलं पान, एकदा शहापूरच्या स्टुडिओत काढलेला तिघी मैत्रिणींचा रंगीत फोटो. फोटोत मागे डोंगर आणि धबधबा रंगवलेला होता. आई म्हणाली, "डोंगर काय कमी हायत का आपल्याकडं, की पैसे देऊन डोंगराम्होरं उभं राहिलीस?" ताई इतकी हसली की शेवटी आईलाही हसू आलं.

मग तिने उंच टाचेच्या चपला आणल्या. आमचं अंगण शेणाने सारवलेलं. तिने त्या घालून दोन फेऱ्या मारल्या आणि अंगणभर भोकं पडली. बाबा बघत होते.

"ह्या घालून भात लावशील का गो?"

"भात लावायला नाय घेतल्या. पगाराच्या दिवशी घालायला घेतल्या."

 बाबा स्वभावाने गरीब, आम्हा भावंडांवर त्यांनी कधी हात उगारला नाही. पण त्या दिवसापासून त्यांच्या मनात काळजी शिरली. माडाच्या खोडाला टेकून बसलेले असताना ते आईला सांगत, "पैशाचं नाय वाटत मला. पन हाताला सवय लागते ना. उद्या सासरी कोन देनार हिला चपला न् रंग?"

आईचं दुःख वेगळं होतं. तिच्या मते मुलीच्या पगारातून दर महिन्याला एक भांडं घरात यायला हवं होतं. लग्नात मांडायला पातेली, डबे, हंडा. चापांचं पान काय मांडणार? आणि त्यात आमच्या चुलतीने एक दिवस विहिरीवर चार बायकांसमोर आईला ऐकवलं, "तुमची बाय सायबीण झाली गो! हाटेलात टेबलाला बसते. वेटर पानी आनून ठेवतो तिच्याम्होरं."

आई घागर अर्धी भरून घरी आली. बाबांनी ऐकून घेतलं, आणि मग मला हाक मारली.

मला का, तर दिवाळीच्या सुट्टीत पगाराच्या दिवशी मी तिच्याबरोबर शहापूरला गेलो होतो. बाबा म्हणाले, "तू शिकतोस. तू खोटं नाय बोलनार. बसते का ती हाटेलात?"

ती बसली होती. एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात, पंख्याखालचं टेबल धरून, दोघी मैत्रिणी आणि मी. तिने मला विचारलं, काय खाणार. मी म्हटलं, काहीपण. "काहीपण असं काय नसतं तिथं," ती म्हणाली, "पाटी वाच न् बोल." मी जिलेबी सांगितली. वेटरला तिने मोठ्या आवाजात बजावलं, "रस्सा गरम आन हां, सकाळचा नको." मैत्रीण म्हणाली, "मालकीन बोलली बघ!" आणि तिघी तोंडावर ओढणी धरून हसत राहिल्या. मी तिला तोपर्यंत घरात पाणी भरताना, भांडी घासताना, आईच्या मागून चालताना पाहिलं होतं. एखादी गोष्ट स्वतः ठरवताना तिला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

यातलं मी बाबांना काहीच सांगितलं नाही. मी म्हणालो, "हो, बसते." आमच्या शाळेतल्या गुरुजींनी आम्हाला खरं बोलायला शिकवलं, त्यांचे माझ्यावर फार उपकार आहेत. पण किती खरं सांगितलं म्हणजे ते खरं होतं, हे मला त्या वयात कळत नव्हतं.

पुढच्या सात तारखेला बाबा धुतलेला सदरा घालून निघाले. मलाही शाळा बुडवून बरोबर घेतलं, कारण त्यांना वाचता येत नव्हतं.

त्यांनी जे केलं ते त्यांच्या दृष्टीने सरळ होतं, हे मला सांगायलाच हवं. दिवाळीनंतर आमच्याकडे गवत कापायची कामं निघतात. आई, बाबा, आम्ही मुलं, सगळे माळावर राबायचो, आणि वखारीवर व्यापारी सगळ्या घराची मजुरी एकट्या बाबांच्या हातात ठेवायचा. त्यांच्या वडिलांच्या हातातही तशीच ठेवली जायची. काम घराचं, म्हणून पैसा घराचा, म्हणून हात घरातल्या मोठ्या माणसाचा. कंपनीही त्यांना एक मोठी वखारच वाटत होती.

गेटजवळ टेबल मांडून ठेकेदार बसला होता. समोर पंधरा-वीस मुलींची रांग. ताई चौथी की पाचवी होती. तिने आम्हाला पाहिलं आणि आधी तिला वाटलं, घरी कोणाचं काही बरंवाईट झालं. ती रांगेतूनच ओरडली, "काय झालं? आई कुठाय?"

"काय नाय झालं," बाबा म्हणाले, आणि सरळ टेबलापाशी जाऊन त्यांनी ठेकेदाराला हात जोडले. "साहेब, बायचा पगार माझ्याकडं द्या. हितून पुढं मीच येत जाईन."

ठेकेदाराने मान वर केली. त्याला यात काही वावगं वाटलं नाही. "द्यायला काय, काका, तुमचीच पोरगी. यादीत नाव शोधा आणि अंगठा करा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पगारपत्रकावर वाकलो. मागच्या महिन्यांच्या रकान्यांत तिची सही होती, पूर्ण नाव, जोडाक्षरांसकट, शाळेत गिरवल्यासारखी. मी तिचं नाव शोधलं आणि त्यावर बोट ठेवलं. बाबांनी अंगठा शाईत बुडवून माझ्या बोटाशेजारी उठवला.

रांगेत कोणीतरी हसलं. दुसरीने तिला गप्प केलं. मी वळून पाहिलं तेव्हा ताई रांगेतून बाजूला झाली होती. तिच्या मागची मुलगी एक पाऊल पुढे सरकली.

येताना सहा आसनी रिक्षात बाबा तिच्याशी फार प्रेमाने बोलले. एक पैसा मी माझ्यासाठी घेणार नाही, म्हणाले. तुला काय हवं ते माग, मी देतो, म्हणाले. हे सगळं खरं होतं, आणि त्यांनी ते शेवटपर्यंत पाळलं. ताई बाहेर बघत होती.

घरी मोठं भांडण होईल अशी माझी समजूत होती. तसं झालं नाही. ती कामावर जात राहिली. दर सात तारखेला बाबा जात आणि नाव शोधायला मला नेत. दोन-तीन महिन्यांत त्यांना ती ओळ पाठ झाली आणि माझी गरज संपली. आईची भांडी येऊ लागली. मी पुढे शहापूरला कॉलेजात गेलो, तेव्हा फी, पास, पुस्तकं यांची वेळेवर सोय झाली, ती याच पगारातून. बाबांनी हे माझ्यापासून लपवलं नाही. "बायचं उपकार इसरू नको," ते म्हणायचे. मी विसरलो नाही. त्या घरात आणि त्या गावात मला शिकायला मिळालं याबद्दल मी सगळ्यांचा ऋणी आहे, आणि म्हणूनच हे लिहिताना मला बरं वाटत नाही.

सुरुवातीला आईबाबांना हायसं वाटलं. पोर ताळ्यावर आली असं ते म्हणत. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की ती काहीच मागत नाही. बाबा येण्याजाण्याच्या भाड्यावर खर्चाला म्हणून थोडे जास्त देत, ते ती कोनाड्यात तसेच ठेवून जाई. केसांना रबर नव्हतं तर सुतळीचा तुकडा बांधून गेली. तेव्हा बाबा घाबरले. एका रविवारी ते तिला आग्रहाने बाजारात घेऊन गेले, मीही होतो. कापडाच्या दुकानात तिला पुढे बसवून म्हणाले, "घे बाय, तुला आवडंल ते. मी बोलनार नाय."

दुकानदाराने गठ्ठे काढले. ताई बघत बसली. "काढा दुसरे," असंही म्हणाली नाही. अर्ध्या तासाने बाबांनीच एक निळा ड्रेस उचलला. "हा चालंल?" तिने मान हलवली. घरी आल्यावर आई म्हणाली घाल, तेव्हा तिने तो घातला.

त्या संध्याकाळी बाबांनी ओटीवरून तिला हाक मारली. "ह्या टायमाला तूच घे तुझा पगार. मी नाय येत."

"तुमीच जा," ताई तांदूळ निवडत म्हणाली. तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. "तिथं आता तुमचा अंगठा चालतो."

बाबा गेले. दुसरा काही उपाय त्यांना सुचला नाही, मलाही नाही. मी तेव्हा कॉलेजात होतो, मला सुचायला हवा होता.

एकविसाव्या वर्षी तिचं लग्न झालं, मुरबाडच्या बाजूला, डोंगराच्या कुशीतल्या गावात. भांडी भरपूर मांडली गेली, बघणाऱ्यांनी कौतुक केलं. माणसं चांगली मिळाली. भाऊजी सरळ, निर्व्यसनी.

मला नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारातले पैसे घेऊन मी तिच्याकडे गेलो. तिच्या हातात दिले. तिने न बघता ते खाटेवर बसलेल्या भाऊजींपुढे धरले. तेच संकोचले. "अगं, तुला दिलेत त्यानं. ठेव की तुझ्याकडं."

"मी काय करू?" ती म्हणाली. आणि खरंच तिला ते माहीत नव्हतं. शेवटी भाऊजींनी नोटा खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात ठेवल्या.

ते शेतावर गेल्यावर मी तिला म्हटलं, "ताई, पुढच्या खेपेला मी तुझ्यासाठी काहीतरी आणणार आहे. घरासाठी नाही, पोरांसाठी नाही. तुझ्यासाठी. सांग."

तिने टाळलं नाही. हातातलं काम थांबवून ती विचार करू लागली, परीक्षेत आठवायचा प्रयत्न करावा तशी.  मग तिचे डोळे भरून आले.

"असं नको इचारत जाऊस रे," ती म्हणाली. "काय सांगायला येत नाय, न् मग मला वाईट वाटतं."

बाबांना हे मी कधी सांगितलं नाही. ते दर वेळी विचारत, बाय खुशीत आहे ना, आणि मी हो म्हणे. आता मी तिलाही विचारत नाही. जाताना मला सुचेल ते घेऊन जातो, एखादं पातळ, एखादी शाल. ती हात फिरवून बघते, छान आहे म्हणते, आणि घडी न मोडता पेटीत ठेवून देते.