प्रार्थनेत फोडलेली बातमी

मी प्रार्थना फर्डी करायचे. वर्तकनगरात दर शुक्रवारी आमच्या चर्चच्या मंडळीतल्या कुणाच्या तरी घरी प्रार्थना सभा असायची आणि शेवटी पाळकसाहेब हटकून माझ्याकडेच बघायचे. मी डोळे मिटायचे आणि सुरू व्हायचे. पोरं चुळबुळ करायची, वडे गार व्हायचे, पण आवरतं घेईन तर शपथ! तिशीतला तोरा, दुसरं काय.

एका शुक्रवारी सभा आमच्याच घरी होती. आमच्या मिस्टरांची वागळे इस्टेटमधली नोकरी नुकतीच सुटली होती. हे फक्त मला ठाऊक होतं. ते रोज डबा घेऊन वेळेवर बाहेर पडायचे, काम शोधायचे. नवी नोकरी लागेपर्यंत कुणाला सांगू नकोस, असं त्यांनी मला बजावलं होतं. आणि मी बाई भरात बोलून गेले, ‘प्रभू, यांची नोकरी गेलीय ते तुला माहीतच आहे.’ देवाला होतं हो माहीत, पण तिथे बसलेल्या वीस जणांना कुठे होतं! सगळे जोरात ‘आमेन’ म्हणाले. चहाच्या वेळी चौघांनी यांच्या खांद्यावर हात ठेवला.

ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. महिनाभरात नोकरीही लागली. पण घरातल्या संध्याकाळच्या प्रार्थनेला ते बसेनासे झाले. हाक मारली की ‘तू घे करून’ म्हणायचे आणि गॅलरीत जायचे.

मी देवाची माफी मागितली. रोज, वर्षानुवर्षं. मुलं लग्न होऊन गेली, माझे केस पिकले, आणि मी आपली एकटी बसून तेच घोकतेय. फर्डेपणा गेला, देव काही जवळ वाटेना. कधी कधी रागच यायचा, की बाबा, अजून किती वेळा सांगू तुला?

गेल्या वर्षी एका दुपारी मेथी निवडताना डोक्यात आलं, की ज्यांचा अपराध केला त्यांना मी अजून काहीच म्हटलेलं नाही. कमाल आहे ना! हे समोरच पेपर वाचत होते.

‘अहो, त्या दिवशी सभेत मी तुमची अब्रू घालवली. माझं चुकलं.’

कुठला दिवस, ते त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, ‘हे तू मला कधी म्हणतेस, याचीच वाट बघत होतो.’

संध्याकाळी ते शेजारी येऊन बसले. मला रडूच फुटलं, प्रार्थना सुरूच करता येईना. डोळे मिटण्याआधी ते माझ्याकडे वळून म्हणाले, ‘मीही फार ताणलं गं. मला माफ कर.’ मग त्यांनी प्रार्थना सुरू केली.