सातव्या घरचं पीठ

प्रेमलाबाईंच्या घरातून कुणाचं भांडं कधी रिकामं परत गेलं नाही. शेजारच्या रुद्रम्मानं वाटीभर आमटी पाठवली, तर दुसऱ्या दिवशी त्याच वाटीतून शेंगदाण्याची चटणी जायची. चटणी नसली तर निदान गुळाचा खडा. बाईंना वाटायचं, आपण किती प्रेमानं वागतो. गल्लीला मात्र पक्कं ठाऊक होतं की ही बाई कुणाचं काही अंगावर ठेवून घेत नाही, आणि वाटीची परतफेड होईपर्यंत तिला झोप लागत नाही.

तुळजापुरात देवळाकडं उतरणाऱ्या एका बोळात त्यांचं दोन खोल्यांचं घर. नवरा अंबादास एका विनाअनुदानित शाळेत मास्तर. लग्न झालं तेव्हापासून शाळेला अनुदान येणार होतं. ते ज्या वाटेनं निघालं होतं ती वाट बहुतेक तुळजापूरला येतच नसावी. पगार संस्थाचालकांच्या लहरीवर. कधी अर्धा, कधी दिवाळीला मिठाईचा पुडा. पण गल्लीत सगळे अंबादासला ‘सर’ म्हणायचे, आणि त्या एका शब्दावर प्रेमलाबाईंनी अख्खा संसार ताठ उभा केला होता.

ताठपणा एवढा की तो दारात येणाऱ्यांनाही लागायचा. दर मंगळवारी सिद्धम्मा नावाची एक म्हातारी परडी घेऊन जोगवा मागायला यायची. आता तुळजापुरात जोगवा म्हणजे काही भीक नव्हे. चांगल्या खात्यापित्या घरच्या बायकासुद्धा नवस फेडायला गळ्यात कवड्यांची माळ घालतात, वेताची परडी हातात घेतात आणि पाच घरी पीठमीठ मागतात. त्या पिठाची भाकरी देवीला दाखवायची. देवीपुढं सगळेच मागते, त्यात कमीपणा कसला? पण घरं पाचच. सिद्धम्मा मात्र सकाळपासून गाव पालथं घालायची, कारण तिचं पोटच त्या परडीवर होतं. एका मंगळवारी प्रेमलाबाईंनी तिला दारातच धरलं.

“कितवं घर हे, सिद्धम्मा?”

म्हातारीनं परडी जरा मागं घेतली.

“पाच घरं मागितली तर तो जोगवा. त्याच्या पुढं गेलं की भीक. देवीचं नाव कशाला घेता मग?”

पीठ त्यांनी घातलं, पण शब्द आधी घातले. मागं त्यांची मुलगी जाई पुस्तक घेऊन बसली होती. तिनं मान वर करून आईकडं बघितलं आणि परत खाली घातली. त्या दिवसापासून सिद्धम्मा या दारात आली की आपण होऊनच सांगायची, “पाचवं घर हाय, बाई.”

जाई त्यांची एकुलती एक. हुशार. बारावीला तिला लातूरला क्लास लावला, त्यात बाईंच्या गळ्यातलं सोनं गेलं आणि त्या जागी एक ग्रॅमचं आलं. ते कुणाला कळू नये म्हणून त्या पदर गळ्याशी ओढून घेऊ लागल्या. पुढच्या शिक्षणाचं काय, हा प्रश्न मात्र त्यांच्या मते सुटलेलाच होता. सरकारनं मुलींना फी माफ केल्याची बातमी त्यांनी टीव्हीवर ऐकली होती. अर्धीच ऐकली, कारण कुकरची शिट्टी झाली. त्या दिवशी जाईच्या शिक्षणाचं नियोजन संपलं.

पुढं जाईचा संभाजीनगरला इंजिनिअरिंगला नंबर लागला तेव्हा बाईंनी बोळातल्या प्रत्येक उंबऱ्यावर पेढा ठेवला आणि प्रत्येक पेढ्याबरोबर तेच वाक्य: “सगळं सरकार भरतंय. आमाला कुणाफुडं हात पसरायची गरज न्हाय.” रुद्रम्मा नुसती हसली. तिचा नवरा बंडप्पा याचं कुंकवाचं आणि कवड्यांचं दुकान. तिनं दोन मुलं पदरचे पैसे मोडून शिकवली होती. तिला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. पण विचारायचं म्हणजे खाली यावं लागतं.

प्रवेश पक्का करायला बापलेक संभाजीनगरला गेले आणि खिडकीवरच्या माणसानं अंबादासला समजावून सांगितलं. माफ होते ती शिकवण्याची फी. राहायचं, खायचं, डिपॉझिट, पुस्तकं, ते ज्याचं त्यानं. सरकारी वसतिगृहाच्या यादीत जाईचं नाव नव्हतं. खासगी हॉस्टेलवालीनं सांगितलं, डिपॉझिट आणि मेसचे पैसे आधी आणा, शनिवारपर्यंत. नाहीतर खाट दुसरीला जाईल. अठरा वर्षांची पोरगी परक्या गावात राहणार कुठं? खाट गेली की शिक्षण गेलं, एवढं सरळ होतं.

रात्री अंबादास चाचरत म्हणाला, “अगं, पतसंस्थेतून मिळंल. पण जामीन लागतो. बंडप्पा म्हनला, मी राहतो की.”

“तुमी त्यांना सांगितलं?” बाईंच्या हातातली पळी थांबली. “पेढं वाटून आठ दिस न्हाय झालं, आन् तुमी जाऊन सांगितलं?”

“त्यानंच इचारलं, सर तोंड का पडलंय म्हनून.”

“जामीन न्हाय पायजे. बघू आपलं आपण.”

काय बघणार होत्या, ते त्यांनाही माहीत नव्हतं. भावाला फोन लावला आणि त्यानं उचलल्यावर हवापाण्याच्या गप्पा मारून ठेवून दिला. असं दोन वेळा झालं. जाई हे सगळं ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, “आई, यंदा राहू दे. इथंच बीएस्सी करते.” त्यावर बाई तिच्यावरच खेकसल्या.

अशात मंगळवार आला. जाईचा नंबर लागला तर पाच घरी जोगवा मागीन, असा बाईंचा नवस होता. बोलला होता तेव्हा मोठ्या आनंदात बोलला होता. जाईनं परडी धुऊन उन्हात वाळवली, आईच्या कपाळावर हळदीकुंकवाचा मळवट भरला आणि बोळातली पाच घरं कुठली ते मायलेकींनी मिळून ठरवलं. ऊन कलल्यावर जाई बसस्टँडच्या मागं कुणाच्या तरी पोरीची शिकवणी घ्यायला गेली, आणि बाई परडी घेऊन निघाल्या.

पहिलं घर रुद्रम्माचं.

“आई राजा उदो उदो,” बाई म्हणाल्या.

“उदो उदो,” म्हणत रुद्रम्मानं परडीत पीठ घातलं, मीठ घातलं आणि त्यावर घडी केलेल्या नोटा ठेवल्या. बाईंचा हात आपोआप पुढं झाला, पण रुद्रम्मा दोन पावलं मागं सरली.

“परडीत पडलेलं माघारी देत न्हायत, वैनी. ते आईचं झालं.” असं म्हणून तिनं परडीला हात जोडले.

बाईंना वाटलं, हिचं काहीतरी खास असेल. पण दुसऱ्या घरी पिठाच्या वाटीखाली नोट आधीच धरलेली होती. तिसऱ्या घरीही. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. बंडप्पानं रुद्रम्माला सांगितलं होतं, आणि रुद्रम्मानं अख्ख्या बोळाला. हिला हातात दिलेलं चालत नाही, तर परडीत टाकू, असं बोळातल्या बायकांनी संगनमत केलं होतं. प्रेमलाबाईंच्या कानशिलांना चटका बसला. म्हणजे सगळ्यांना माहीत आहे. आपण पेढे वाटले, ते वाक्य उंबऱ्याउंबऱ्यावर म्हटलं, ते सगळं आठवून आठवून या बायका पीठ घालत होत्या. कुणी हसलं नाही, कुणी अवाक्षर काढलं नाही. त्याचीच जास्त लाज वाटत होती. चौथ्या-पाचव्या घरी त्यांनी मान वर केली नाही. कुणी पीठ घातलं ते त्यांना फक्त बांगड्यांवरून कळलं.

पाच घरं झाली. आता घरी जायचं. बोळाच्या तोंडाशी एक भिंत होती, तिच्या आडोशाला उभं राहून त्यांनी पिठात बोट घालून नोटा चाचपल्या. डिपॉझिट निघत होतं. मेसचं राहत होतं.

इथं माणसानं काय करावं? घरी जावं, नाहीतर बंडप्पाकडं जावं. दोन्ही वाटा चांगल्या होत्या. प्रेमलाबाई तिसरीकडं वळल्या, बसस्टँडकडं, जिकडं त्यांना कुणी ओळखत नव्हतं. मनाशी म्हणाल्या, जोगवाच आहे, देवीचंच नाव आहे. आणि वळता वळता त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी पुढं कितीतरी दिवस त्यांना जेवताना आठवत राहिली. पिठाखालची एक नोट त्यांनी वर काढली आणि देणाऱ्याला दिसेल अशी पिठावर नीट पसरून ठेवली.

सहाव्या घरच्या बाईनं मूठभर पीठ घातलं, नोटेकडं बघितलं आणि दार लावायला लागली. प्रेमलाबाई उभ्याच राहिल्या.

“अजून काय पायजे का?” तिनं विचारलं.

“न्हाय,” बाई म्हणाल्या, आणि तरी उभ्या राहिल्या. शेवटी त्या बाईनं आतून दहाचं नाणं आणून टाकलं. ते पिठात बुडालं.

सातवं घर दुमजली होतं, दाराशी चपलांचा ढीग. बाईंना वाटलं, इथं काहीतरी होईल. त्यांनी कडी वाजवली. “आई राजा उदो उदो!” आवाज जरा मोठाच लागला, कारण आता तो सवयीचा व्हायला लागला होता.

आतून एका बाईचा आवाज आला, “जोगवा आलाय वाटतं. जरा पीठ घालतीस का गं? माझं हात तेलाचं हायत.”

पावलं वाजली. दार उघडलं, आणि पिठाची वाटी घेऊन जाई दारात उभी होती.

जाईनं आईच्या मळवटाकडं बघितलं, जो तिनंच भरला होता. मग परडीकडं, मग पिठावर पसरलेल्या त्या नोटेकडं. पाच घरं कुठली, हे तिला तोंडपाठ होतं.

“कोण हाय गं?” आतून आवाज आला. “वळखीचं हाय का कुणी?”

जाईनं मान मागं वळवली.

“न्हाय, काकू,” ती म्हणाली. “जोगवा हाय.”

तिनं पीठ घातलं. मग दोन बोटांनी ती नोट पिठात खोल दाबली, वरून पीठ सारखं केलं, परडीला हात जोडले आणि दार लावून घेतलं.

प्रेमलाबाई घरी कशा आल्या ते त्यांना कळलं नाही. पोरीनं आपल्याला ओळख दिली नाही, याचं त्यांना वाईट वाटलं. आणि ओळख दिली नाही म्हणून जीव भांड्यात पडला, याचं त्याहून वाईट वाटलं. त्या अंधारात परडी पुढ्यात घेऊन बसल्या. या पिठाची भाकरी देवीला कशी दाखवायची? पाच घरचं आणि वरच्या दोन घरचं सगळं एक झालं होतं. ते आता कुणाला निवडता येणार नव्हतं.

जाई आली, तिनं दिवा लावला. नोटा झटकून डब्यात ठेवल्या, पीठ परातीत घेतलं आणि मळायला बसली.

“जाई, ती नोट...” बाईंनी सुरुवात केली.

“तवा ठेव, आई,” जाई म्हणाली.

पहिली भाकरी देवीला दाखवली. दुसरी जाईनं आईच्या ताटात वाढली आणि ती खाईपर्यंत समोरून उठली नाही. बाईंनी ती शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. ताट धुऊन त्यांनी मळवट पुसला, पदर सारखा केला आणि रुद्रम्माच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. या खेपेला हातात वाटी नव्हती. “बंडप्पांना जामीन राह्यला सांगता का, अक्का?” एवढं बोलायला त्यांना इतका वेळ लागला की रुद्रम्मानं मध्येच, “सांगते, सांगते,” म्हणून त्यांची सुटका केली.

शनिवारच्या आत पैसे भरले. खाट मिळाली.

जाई निघाली तो दिवसही मंगळवारच होता. अंबादास बॅग घेऊन पुढं गेला होता, रुद्रम्मा शेंगाच्या पोळ्यांचा डबा घेऊन आली होती, आणि नेमकी त्याच वेळी सिद्धम्मा दारात येऊन उभी राहिली. बाईंना बघताच ती घाईघाईनं म्हणाली, “पाचवं घर हाय, बाई.”

रुद्रम्मा हसली. “सकाळधरनं गाव फिरतीस की गं, पाचवं कसलं?”

प्रेमलाबाई उंबऱ्यात होत्या. मागं जाई सॅकचा पट्टा ओढत होती, तिचा हात थांबला. बाईंचा चेहरा लालबुंद झाला. आत जाऊन पीठ आणायचं, एवढंच तर काम होतं. कुणी काही विचारलं नव्हतं.

“मोजू नका, सिद्धम्मा,” त्या म्हणाल्या. “मागल्या मंगळवारी मी सात मागितली.”

रुद्रम्माचं हसू थांबलं. बोळातली पाच तिला ठाऊक होती. वरची दोन तिला माहीत नव्हती. तिनं बाईंकडं बघितलं आणि मग डब्याचं झाकण उगाच दाबलं.

सिद्धम्माला यात नवल करण्यासारखं काहीच दिसलं नाही. “सातच व्हय?” तिनं विचारलं. “कशापायी?”

“हिच्या शिक्षणापायी.”

“मग भागलं का?”

“न्हाय,” प्रेमलाबाई म्हणाल्या. बोळात दोन-तीन दारं उघडी होती, तरी त्यांनी आवाज खाली आणला नाही. “राहिलेल्याला बंडप्पा जामीन राहिले.”

सिद्धम्मानं समजल्यासारखी मान हलवली. “मला तर सत्तर घरांत बी भागत न्हाय, बाई,” ती म्हणाली आणि परडी पुढं केली.

बाई आत गेल्या. त्यांनी वाटी शिगोशीग भरून आणली. परडीत पीठ घालताना त्यांना म्हातारीच्या तोंडाकडं बघता येईना, म्हणून त्या पिठाकडंच बघत राहिल्या. तेवढ्यात मागून जाईचा हात आला आणि तिनं वाटीला खालून आधार दिला. “काकू,” ती रुद्रम्माला म्हणाली, “सातव्या घरी पीठ मी घातलं. आणि वळखीचं न्हाय म्हनून सांगितलं.”