भडक्याचे नाना

अन्याय नानांवर झाला. कधी, तेही सांगते: गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जळगावात, दुपारी तीनच्या खेळाला, सिनेमा संपून पडद्यावर नावं सुरू झाली तेव्हा. ज्या बोकडाने एका प्रसंगात हिरोचा गॉगल खाल्ला, त्या बोकडाच्या मालकाचंसुद्धा नाव आलं. नानांचं आलं नाही.

सिनेमा विनोदी आहे. धुळ्याचा एक बेफाम रॉकस्टार आणि त्याला सांभाळणारा माणूस, अशी गोष्ट. रॉकस्टार म्हणजे आमचा भडका, अहिराणीत रॉक गाणारा. त्याचं काम त्याने स्वतःच केलंय. सांभाळणारा माणूस म्हणजे चोपड्याचे नाना. त्यांचं काम एका नटाने केलंय; पडद्यावरचे नाना सूट घालून, पुण्याची मराठी बोलत, पावलोपावली घसरून पडतात. खरे नाना मी पाच वर्षं पाहिले, कारण भडक्याच्या कार्यक्रमांची पत्रकं मीच लिहायचे. नाना एकदाही पडले नाहीत. पडायचा तो भडका.

नानांची उमर केळीचे ट्रक भरण्यात गेली. भडक्यालाही ते त्याच पद्धतीने न्यायचे, गाडीत दोन्ही बाजूंनी उशा कोंबून. म्हणायचे, "घड आन् गवय्या सारखाच. आदळना का काया पडस." आदळला की काळा पडतो, एवढाच हिशोब. भडका कुरकुरायचा, "नाना, मी स्टार शे." नाना आणखी एक उशी कोंबायचे. "मंग नीट बठ. फुटी जाशी."

भडका कातडी जाकीट मे महिन्यातही काढत नसे. जळगावच्या मे महिन्यात. नाना वाद घालत नसत, जाकिटाच्या आत ओला पंचा घालून द्यायचे. पब्लिकला वाटे, काय जीव ओतून गातोय, घामाने निथळतोय. निथळत असे पंचा.

चालू गाण्यात शब्द विसरला की भडका सरळ माइकवर विचारायचा, "नाना कोठे शे?" नाना स्टेजमागून ओळ सांगायचे. लोकांना ती हाक इतकी आवडली की पुढे पुढे भडक्याला शब्द आठवत असले तरी लोकच ओरडायचे.

एकदा धुळ्याजवळच्या एका हळदीत भडक्याने ठरवलं, परदेशी गायकांसारखी गर्दीत उडी घ्यायची. लोक वरच्या वर झेलतात म्हणे. डोळे मिटले, हात पसरले, घेतली उडी. तेवढ्यात मांडवातून हाक आली, "चला रे, वरण-बट्टी तयार शे." खान्देशात या हाकेनंतर कोणी कोणाला झेलत नाही. भडका हवेत, पब्लिक पंगतीत. तो आपटला तो केळीच्या वाळक्या पाल्याच्या ढिगावर. तो ढीग नानांनी सकाळीच स्टेजला लावून ठेवला होता.

"तू उडी मारशी, हाई माले ठाऊक व्हतं," नाना त्याच्या केसांतला पाला काढत म्हणाले. "आन् बठ्ठा लोक जेवाले जातीन, हाई बी."

सिनेमात हा प्रसंग जसाच्या तसा आहे. पाला, पंगत, नानांचं वाक्यसुद्धा, फक्त पुण्याच्या मराठीत. थेटर अक्षरशः लोळतं.

त्या दिवशी जळगावच्या खेळाला नाना इस्त्रीचा सदरा घालून, बायकोला, म्हणजे अक्कांना घेऊन, सगळी गल्ली पिकअपमध्ये भरून आले होते. स्वतःला सुटात घसरताना पाहून सगळ्यांत जास्त तेच हसले. नावं सुरू झाली तशी माणसं उठायला लागली. नानांनी गल्लीला उठू दिलं नाही. "थांबा रे. येई आते." बोकडवाल्याचं नाव आलं, गल्ली हसली. मग पडदा पांढरा झाला.

अक्कांनी विचारलं, "माले दिसनं नही. बारीक अक्षर व्हतं का?"

"हं," नाना म्हणाले. "बारीकच व्हतं."

निर्मात्याला मी जाब विचारला. म्हणे, जागा नव्हती. बोकडाला होती. भडका म्हणतो, करारात ते माझ्या हातात नाही. नाना परत केळीवर गेले. भडक्याला आता गॉगलवाला मॅनेजर सांभाळतो, आणि पहिल्याच महिन्यात भडक्याच्या पायाला प्लास्टर चढलंय.

सिनेमा धुळ्यात अजून चालू आहे. जा. पोटभर हसा, मी तीनदा हसलेय. पण नावं सुरू झाली की खुर्ची सोडायची नाही. बोकड येऊन जाऊ द्या. पडदा पांढरा झाला की सगळ्या थेटराने मिळून, भडक्याला प्लास्टरसकट ऐकू जाईल असं विचारा:

नाना कोठे शे?