रद्दचा शिक्का

धाराशिवला ग्रंथालयशास्त्र शिकत होते तेव्हाची गोष्ट. महिनाभर एखाद्या शाळेच्या ग्रंथालयात काम करायचं आणि तिथल्या ग्रंथपालांनी अहवालावर चांगला शेरा मारून सही दिली तरच पास. मला तेरची एक शाळा मिळाली. तिथल्या ग्रंथपाल बाई त्याच वर्षी निवृत्त होणार होत्या. मी मात्र पहिल्याच दिवशी, आता हे ग्रंथालय आपणच सुधारणार, अशा थाटात एसटीतून उतरले. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग!

दुसऱ्या आठवड्यात बाई दोन दिवस रजेवर गेल्या. जाताना म्हणाल्या, "काढून टाकायच्या पुस्तकांची नुसती यादी करून ठेव." मी कसली नुसत्या यादीवर थांबते! पाठ सुटलेली, कोपरे झिजलेली, हळदीचे डाग पडलेली सगळी पुस्तकं बाहेर काढली, प्रत्येकावर 'रद्द'चा शिक्का हाणला आणि आलेलं प्रत्येक पुस्तक नंबर देऊन ज्यात नोंदवतात त्या दाखल नोंदवहीत त्यांच्या नावांवर लाल शाईनं रेघाही ओढल्या. कपाट चकाचक दिसायला लागलं. मला माझंच कौतुक वाटलं.

बाई आल्या आणि ढीग बघून मटकन खुर्चीत बसल्या.

"पोरी, फाटलंय म्हंजी पोरांनी वाचलंय. जी कोरी करकरीत पडून हायेत न्हवं, ती काढायची असतात."

"मग रेघा खोडू?"

"त्या वहीत खोडाखोड चालत न्हाय."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. निवृत्त होताना ती वही बाईंना पुढच्या माणसाच्या हाती सोपवायची होती. मंजुरीशिवाय ओढलेल्या माझ्या रेघांपायी त्यांचे पेन्शनचे कागद अडकले असते. सगळं माझ्या शेऱ्यात लिहून त्या मोकळ्या होऊ शकत होत्या, आणि ते चुकीचंही ठरलं नसतं.

त्याऐवजी शनिवारी त्या मला धाराशिवला घेऊन गेल्या. आसपासच्या शाळांचे ग्रंथपाल तिथं महिन्यातून एकदा जमतात. 'ओळखी वाढवा' असं आमचे प्राध्यापक सांगायचे, तेव्हा मला वाटायचं की चांगला ड्रेस घालून पुढच्या रांगेत बसायचं असतं. त्या दिवशी मी सगळ्यात मागं, कोपऱ्यात बसले.

बाई उभ्या राहिल्या. "एका शाळेत चांगल्या पुस्तकांवर रद्दचा शिक्का बसलाय, वहीत रेघा ओढल्यात. काय करावं?"

"कुणी केला हा शहाणपणा?" तामलवाडीकडचे एक सर हसत म्हणाले.

बाईंनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. सगळे त्यांच्याकडंच बघायला लागले. ते मला बघवेना. मी उठले. "मी केला. बाई रजेवर होत्या."

"ये, हितं बस," तेच सर म्हणाले. "म्या नवीन असताना दाखल नंबर दरसाली एकपासून सुरू करायचो. पाच वर्षांत एकाएका नंबराची पाच-पाच पुस्तकं झाली!" सभागृह हसलं, मीही हसले. मग त्यांनी उपाय सांगितला. रेघांना हात लावायचा नाही, शेजारी 'चुकून रद्द, पुन्हा दाखल' असं लिहून मुख्याध्यापकांची सही घ्यायची.

रविवारी ते सर आणि आणखी एक मॅडम खळ नि कापडी पट्ट्या घेऊन तेरला आले. संध्याकाळपर्यंत आम्ही पुस्तकं शिवली, चिकटवली. त्यांना काय गरज होती? आता मीही एका शाळेत ग्रंथपाल आहे, तरी काही अडलं की पहिला फोन त्या दोघांनाच जातो. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

मुख्याध्यापकांनी सह्या केल्या. महिना संपला तेव्हा बाईंनी अहवाल पाकिटात घालून हातात दिला. मी तो परतीच्या एसटीत उघडला. शेऱ्याच्या जागी त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं : 'कामात घाई करते. चार माणसांत उभी राहून स्वतःची चूक सांगते. मला इतक्या वर्षांच्या नोकरीत हे एकदाही जमलं नाही.'

मला रडू आवरेना. शेजारची म्हातारी हळहळली, "नापास झालीस का गं बाई?"

"न्हाय मावशी," म्हटलं, "पास झाले."