फक्कीचं कारंजं

एकदा मी आमच्या अख्ख्या अंगणाची बाग आखली आणि तिच्यात घरात शिरायची वाटच ठेवली नाही. विशीत असताना हे केलं असतं तर नातवंडांना कौतुकानं सांगितलं असतं. पण तेव्हा मी चांगली पन्नाशी ओलांडलेली होते. केस पिकले होते, आतला माल कच्चाच होता.

झालं असं, की सडक अर्जुनीजवळच्या एका ढाब्यावर मी लॉन पाहिलं. मधोमध कारंजं, कारंज्यात सिमेंटचं बदक. तिथं जेवले काय ते आठवत नाही, बदक आठवतं. घरी आले तर आमचं शेणानं सारवलेलं अंगण मला एकदम उघडंबोडकं दिसायला लागलं. दुसऱ्याच दिवशी चुन्याची फक्की आणली आणि पदर खोचला. इकडे लॉन, तिकडे गुलाब, दारासमोर शेवंतीची रांग, आणि बरोब्बर मधे, कडुनिंबाखाली, कारंज्याचा मोठा गोल. शेजारीण कुंपणावरून वाकून विचारून गेली, "कबड्डी कधी आहे वो?"

त्या गोलात माझ्या सासूबाईंची बाज होती. सासरे गेल्यापासून त्यांचा दिवस तिथंच जायचा. तिथून त्या वाळत घातलेल्या धानावरच्या कोंबड्या हाकलायच्या, रस्त्यानं जाणाऱ्याला हटकायच्या, साऱ्या गावाची खबर ठेवायच्या.

मी म्हटलं, "आत्याबाई, तुमची बाज मागं न्हाणीजवळ टाकू. तिथंही सावली असते."

"तिथून काय पाहू वं? मोरी?"

"पण इथं कारंजं येणार आहे."

त्यांनी फक्कीच्या गोलावरून एकदा नजर फिरवली. आपण जिंकलो असं समजून मी चहा टाकायला आत गेले. मूर्खपणा नंबर दोन.

चहा घेऊन बाहेर येते तर सासूबाई बाजेवर लुगडं आवरून, पाय पोटाशी घेऊन बसलेल्या.

"पाय काऊन वर घेतले?"

"पानी आहे ना! मी तं हौदात बसून राहिली. चहा डोंग्यानं पाठव, वल्हवत."

तेवढ्यात आमचे हे गोरेगावच्या बाजारातून आले. मोटरसायकल लावून फाटकातून पाऊल टाकतात तोच त्यांच्या आईचा आवाज, "थांब! लॉन आहे!"

हे उजवीकडे सरकले.

"गुलाब!"

डावीकडे सरकले.

"शेवंती तुडवतं का रे, आंधळ्या?"

दोन्ही हातांत पिशव्या, एक पाय हवेत, असा तो बाप्या उभा. "मग घरात जाऊ कसा?" त्यांनी मला विचारलं. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत फक्की पाहिली. वाट नव्हती. मी स्वतः चहा घेऊन सगळी शेवंती तुडवत आले होते.

तेवढ्यात बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान डोक्यावरून घरघरत गेलं. सासूबाईंनी मान वर केली. "त्याईले वरून दिसलं असन, या घराले वाटच नाही म्हनून."

हे हसले, शेजारीण कुंपणापलीकडून हसली, सासूबाईही हसत होत्या. पण एका हातानं त्यांनी बाजेची कड घट्ट धरून ठेवली होती. ती मूठ पाहिली आणि मी खराटा घेतला. आधी कारंजंच झाडून काढलं.

मग नव्यानं आखलं. सासूबाईंच्या चालण्यानं फाटकापासून दारापर्यंत जो पट्टा गुळगुळीत झाला होता, तीच वाट. गुलाब कुंपणाला लागले. लॉनच्या जागी धान वाळत राहिलं. कडुनिंबाभोवती गोल ओटा बांधून घेतला, त्याच्यावर बाज चढवली. बदक मात्र मी आणलंच. ते ओट्याच्या कडेला बसवलं, तोंड रस्त्याकडे.

पहिल्या संध्याकाळी सासूबाई ओट्यावर चढल्या, बदकाच्या डोक्यावरून हात फिरवला, बाजेवर बसून दोन्ही पाय वर घेतले आणि मला म्हणाल्या, "पानी लय थंड आहे वं. तू बी ये, पन लुगडं वर धर."